बिऱ्हाड हलवताना सायकल सोबत: जुन्या मित्रांना भेटत जाण्याचा प्रवास कसा आखावा

दुसऱ्या शहरात राहायला जायचं, जड सामान ट्रकने पुढे पाठवायचं आणि आपण सायकल गाडीवर बांधून, वाटेतल्या जुन्या सायकलमित्रांकडे थांबत नव्या घरी पोहोचायचं, असा बेत बरेच सायकलस्वार आखतात. त्यातले कित्येक जण तिसऱ्या दिवशी दमलेले असतात आणि चौथ्या मित्राला ऐनवेळी "या खेपेला जमत नाही" असं कळवतात. कारण बहुतेकदा एकच: बेत उलट्या टोकाने सुरू केलेला असतो. आधी नकाशावर सुंदर चढ आणि निवांत रस्ते शोधायचे, मग त्यांच्या मधे मित्र बसवायचे. आणि घराचा ताबा, ट्रकची तारीख, सायकलची बांधणी हे सगळं शेवटच्या आठवड्यावर ढकलायचं. हा क्रम फिरवला की निम्मी अडचण संपते. म्हणून खालचे टप्पे त्याच क्रमाने घ्या, मधला एखादा सोपा वाटला तरी.

टप्पा 1: तारखा शेवटाकडून मागे मोजा

पहिली तारीख नव्या घराची किल्ली हातात येण्याची. दुसरी ट्रक तिथे पोहोचण्याची. ट्रक आला तेव्हा दार उघडायला आणि खोकी मोजून घ्यायला माणूस हजर लागतो; तो माणूस तुम्हीच असाल तर तुमच्या प्रवासाचा शेवट तिथे बांधला गेला. त्याच्या आधी किमान एक पूर्ण दिवस मोकळा सोडा. त्या दिवशी काहीही ठरवू नका, मित्रही नको. गाडी बिघडली, पाऊस लागला, निघायलाच उशीर झाला, तर हा दिवस खर्ची पडतो. काहीच बिघडलं नाही तर झोप मिळते.

उरलेल्या दिवसांचे दोन प्रकार करा: गाडीचा दिवस आणि मित्राचा दिवस. एकाच दिवशी लांबचं ड्रायव्हिंग आणि लांबची सायकल, दोन्ही ठेवू नका. भरलेली गाडी, वर सायकलींचा वाऱ्याला अडसर आणि दर दोन तासांनी थांबा धरला तर नकाशावरचे पाच तास प्रत्यक्षात सातच्या आसपास जातात. नकाशाने पाच तास दाखवले की तो दिवस संपला असं समजा.

मित्राकडचा सगळ्यात चांगला मुक्काम दोन रात्रींचा: संध्याकाळी पोहोचायचं, दुसरा दिवस पूर्ण त्याचा, तिसऱ्या सकाळी निघायचं. एकच रात्र शक्य असेल तर सकाळची फेरी दीड-दोन तासांत आटपा आणि पुढचा गाडीचा टप्पा तीन तासांच्या आत ठेवा.

तपासा: कागदावर लागोपाठ तीन गाडीचे दिवस दिसत असतील तर एक थांबा कमी करा किंवा एक दिवस वाढवा. "बघू, होईल" यावर सोडू नका.

टप्पा 2: मित्रांना विचारा, आणि नेमकं विचारा

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. वाटेवर सहा जण राहतात म्हणून सहा जणांना "येतोय, भेटू या" असा निरोप जातो. सहाही जण उत्साहाने "ये ये" म्हणतात आणि तारखा कुणाच्याच पक्क्या होत नाहीत. माझं मत स्पष्ट आहे: पाच-सहा दिवसांच्या प्रवासात दोन मित्र नीट भेटावेत, फार तर तीन. बाकीच्यांना आता नुसतं कळवा की नवा पत्ता अमुक आहे आणि पुढे वेगळं येऊ.

निरोप चार ते सहा आठवडे आधी पाठवा. तो असा असावा:

"पुढच्या महिन्यात घर बदलतोय. 12 तारखेला संध्याकाळी तुझ्या शहरात पोहोचेन, 14 ला सकाळी निघेन. 13 ला सकाळी दोन-तीन तास एकत्र सायकल चालवू या का? रस्ता आणि वेग तू ठरव. राहायची सोय मी बाहेर करतोय; सायकल रात्री आत ठेवायला जागा मिळाली तर पुरे. सायकल जमत नसेल तर नुसतं भेटू."

यातलं प्रत्येक वाक्य कामाचं आहे. येण्याची आणि जाण्याची वेळ दोन्ही सांगितल्यामुळे समोरच्याला आपलं घर, आपली नोकरी, मुलांच्या वेळा यांचा हिशेब लावता येतो. राहण्याचं ओझं तुम्ही आधीच काढून घेतलंत. त्याला घरी ठेवून घ्यायचं असेल तर तो स्वतःच म्हणेल, आणि ते म्हणणं मनापासूनचं असेल. "सायकल जमत नसेल तर" हे शेवटचं वाक्य तर कधीच गाळू नका. दहा वर्षांत गुडघा गेलेला असतो, सायकल विकलेली असते, एखाद्या अपघातानंतर रस्त्यावर जायची भीती बसलेली असते. हे त्याला स्वतःहून सांगावं लागू नये.

होकार आला की तीन गोष्टी विचारून ठेवा: हल्ली आठवड्याला किती चालवतोस, सकाळी किती वाजता निघता येईल, आणि किती वाजेपर्यंत घरी परतायला हवं. त्याच्या वेगाची तुमच्या डोक्यातली आठवण जुनी आहे, तुमच्याबद्दलची त्याचीही. स्वतःचा सध्याचा आवाका खरा सांगा. घर आवरण्यात गेलेले आठवडे पायांत दिसतात. मित्र उंचावर राहत असेल तर तेही धरा: समुद्रसपाटीपासून साधारण 1500 मीटरच्या वर सखल भागातून आलेल्याची दमछाक लवकर होते.

सावधान: एका संध्याकाळी दोन वेगवेगळ्या मित्रांना वेळ देऊ नका. पहिल्याकडून उठता येत नाही आणि दुसरा ताटकळत बसतो.

गाडीत सोबत सायकल न चालवणारं कुणी असेल, तर सकाळच्या त्या तीन तासांत त्या व्यक्तीचं काय, हे याच टप्प्यावर तिच्याशी बोलून ठरवा.

टप्पा 3: सामानाचे तीन ढीग

ट्रकचा ढीग, गाडीचा ढीग आणि रात्रीची पिशवी. खोकी भरायला घेण्यापूर्वी हे तीन ढीग वेगळ्या खोल्यांत किंवा निदान वेगळ्या कोपऱ्यांत लावा. एकदा टेप लागली की आत काय गेलं ते कुणालाच सांगता येत नाही.

गाडीच्या ढिगात काय हवं:

– सायकलची सगळी हत्यारं: ॲलन की, 15 मिमीचा पॅडल पाना, टॉर्क पाना (स्क्रू किती घट्ट झाला ते दाखवणारा), पंप, टायर लिव्हर, दोन ट्यूब, पंक्चरचं साहित्य, चेनचा सुटा दुवा
– सुटा डिरेलर हँगर, तुमच्याच फ्रेमचा (डिरेलर म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा मागचा भाग; हँगर म्हणजे तो फ्रेमला जोडणारा छोटा तुकडा)
– हेल्मेट, बूट, दिवे, आणि सगळे चार्जर एका पाऊचमध्ये
– घराची, नोकरीची, गाडीची आणि सायकलच्या खरेदीची कागदपत्रं

हत्यारांची पेटी ट्रकमध्ये जाणं ही नेहमीची चूक. सायकल तुमच्यासोबत आणि तिचा पाना दोन दिवस पुढे, अशी गत होते.

रात्रीची पिशवी म्हणजे एका मुक्कामाचे कपडे, औषधं, सायकलचा एक पोशाख आणि फोनचा चार्जर. ही पिशवी सगळ्यात शेवटी ठेवायची, दाराजवळ. मित्राच्या दारात रात्री नऊ वाजता अर्धी गाडी उपसावी लागू नये, एवढ्यासाठी.

सावधान: कार्बन डायऑक्साइडच्या छोट्या नळकांड्या आणि दाबाखालचे स्प्रे उन्हात उभ्या गाडीत सोडू नका. बंद गाडीचं तापमान सहज 50 अंशांच्या वर जातं आणि अशी डबी फुटू शकते. साधा पंप न्या. ट्रकवालेही ज्वालाग्राही वस्तू आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या सहसा घेत नाहीत, आधीच विचारा.

टप्पा 4: सायकल आधी तयार करा, मग बांधा

सर्व्हिसिंग निघण्याच्या दोन आठवडे आधी. आदल्या दिवशी नवी चेन आणि नव्या केबल टाकून घेऊ नका. नव्या केबल थोड्या ताणल्या जातात, गियर पुन्हा जुळवावे लागतात, आणि हे काम मित्रासोबतच्या फेरीत करायचं नसतं. सर्व्हिसिंगनंतर दोन-तीन साध्या फेऱ्या मारून घ्या.

मग हे करा, याच क्रमाने:

1. सायकल धुऊन कोरडी करा. नंतर बांधताना हात आणि फ्रेम दोन्ही वाचतात; आणि कुणाच्या घरात चिखलाची सायकल नेणं बरं दिसत नाही.
2. फ्रेमचा क्रमांक शोधा. तो बहुतेक सायकलींवर खाली, क्रँकच्या (पॅडलच्या दांड्यांच्या) जोडाखाली कोरलेला असतो. त्याचा आणि पूर्ण सायकलचा चारी बाजूंनी फोटो काढा. चोरी झाली किंवा विम्याचा दावा करायची वेळ आली तर हाच पुरावा.
3. सीटच्या दांड्यावर, फ्रेमच्या कडेला लागून, चिकटपट्टीची एक पट्टी लावा. उंचीची खूण राहते.
4. टायर ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेलं) असेल तर आतलं सीलंट, म्हणजे भोकं बुजवणारा द्रव, तपासा. ते दोन ते सहा महिन्यांत वाळतं, उष्ण हवेत त्याहून लवकर.
5. सायकल कॉम्प्युटर, दिवे, बाटल्या, सॅडलखालची पिशवी, सुटा पंप, हे सगळं उतरवा.

पॅडल काढायची असतील तर लक्षात ठेवा: डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात. गोंधळ टाळायची सोपी युक्ती म्हणजे पाना वरच्या बाजूला धरून सायकलच्या मागच्या दिशेला ओढा. दोन्ही पॅडल त्याच दिशेने सुटतात. परत बसवताना आट्यांना थोडं ग्रीस लावा आणि सुरुवातीचे फेरे बोटांनीच द्या. बोटांनी फिरत नसेल तर आटा तिरका बसलाय.

टप्पा 5: सायकल कुठे: आत, मागे की टपावर

गाडीत जागा होत असेल तर आतच. चोरीचा, पावसाचा, वाऱ्याचा प्रश्न मिटतो. मात्र घर बदलताना गाडीत बाकी सामानही असतं, आणि दोन धोके त्यातूनच येतात. एक, खोक्याच्या दाबाने डिस्क, म्हणजे चाकाच्या मधोमध असलेली ब्रेकची धातूची तबकडी, वाकते. दुसरा धोका बहुतेकांच्या लक्षातच येत नाही: घरातली तेलं, पॉलिश, साफसफाईचे स्प्रे चाकाशेजारी ठेवले जातात आणि त्यांचा अंश डिस्कवर आणि ब्रेक पॅडवर बसतो. मग ब्रेक किंचाळतात आणि लागत नाहीत. डिस्क स्वच्छ फडक्यात गुंडाळा आणि असले डबे गाडीच्या दुसऱ्या टोकाला ठेवा.

चाक काढलं की हायड्रॉलिक डिस्क ब्रेकच्या पॅडमध्ये प्लास्टिकचा तुकडा लगेच घाला. तो नसताना कुणी ब्रेकची मूठ दाबली तर पॅड एकमेकांना चिकटून बसतात. सायकल शक्यतो उलटी ठेवू नका. ठेवावीच लागली तर सरळ केल्यावर मूठ आठ-दहा वेळा दाबून पाहा. मऊ लागली तर ब्रेक कडक होईपर्यंत चालवू नका.

मागच्या रॅकसाठी गाडीची पुस्तिका उघडा आणि मागच्या टो-हुकवर (रॅक ज्याला अडकतो त्यावर) किती वजन चालतं ते वाचा. त्या आकड्यात रॅकचं स्वतःचं वजनही येतं. रॅकवर प्रत्येक सायकलसाठी वेगळी मर्यादा असते, आणि बॅटरीवरची सायकल 20 ते 25 किलोची असल्याने ती अनेकदा या मर्यादेत बसत नाही. तिची बॅटरी काढून गाडीच्या आत ठेवा.

टपावर नेणार असाल तर सायकलीसकट पूर्ण उंची टेपने मोजा, चिठ्ठीवर लिहा आणि ती स्टिअरिंगसमोर चिकटवा. पार्किंगचे आडवे दांडे अनेक ठिकाणी 2 मीटरच्या जवळपास असतात आणि टपावरची उभी सायकल त्याच्या बरीच वर जाते. दिवसभर गाडी चालवल्यावर टपावर काही आहे याचा विसर पडतो, आणि तो नेमका मित्राच्या इमारतीत शिरताना पडतो.

सावधान: कार्बन फायबरच्या फ्रेमची वरची नळी चिमट्यात आवळू नका. चाकांना धरणारा रॅक वापरा. कार्बनला आतून पडलेली चीर बाहेरून दिसत नाही.

टप्पा 6: लादण्याचा क्रम

आधी गाडीच्या टायरमध्ये हवा, तीही पुस्तिकेत भरलेल्या गाडीसाठी दिलेल्या दाबाने. मग स्टेपनी आणि जॅक कुठे आहेत ते पाहा. स्टेपनी डिकीच्या तळाशी असेल तर तिच्यावर येणारं सामान असं लावा की दोन-तीन नग उचलले की ती निघेल. मागचा रॅक लावल्यावर डिकी उघडते का, हेही रॅक रिकामा असतानाच बघून घ्या.

त्यानंतर जड खोकी खाली आणि पुढच्या सीटच्या पाठीला टेकून, हलकी वर, मागची काच शक्यतो मोकळी, आणि शेवटी रात्रीची पिशवी व हत्यारं दाराशी. सगळं आत गेल्यावर सायकली चढवा.

रॅकवर जड सायकल गाडीच्या सर्वांत जवळ. दोन सायकली असतील तर एकीचं हँडल डावीकडे, दुसरीचं उजवीकडे. जिथे फ्रेम फ्रेमला किंवा पॅडल चाकाला टेकतं तिथे फोम किंवा जुना टॉवेल बांधा. चाक जागेवर ठेवून नेताना गियर मागच्या सगळ्यात मोठ्या चकतीवर ठेवा, म्हणजे डिरेलर आत सरकतो आणि धक्क्यातून वाचतो. तारेविना चालणारे गियर असतील तर त्यांच्या बॅटऱ्या काढून ठेवा. प्रवासातल्या हादऱ्यांनी त्या जाग्या राहतात आणि उतरतात.

पुढचं चाक पट्ट्याने फ्रेमला बांधा, नाहीतर ते वाऱ्याने फिरत राहतं. पट्ट्यांची मोकळी टोकं गुंडाळून खोचा; लोंबणारं टोक तासन्‌तास रंगावर आपटत राहतं.

निघण्यापूर्वी तपासा:

– मागचे दिवे आणि नंबरप्लेट झाकले गेले नाहीत ना
– सायकलचं टायर सायलेन्सरच्या तोंडासमोर नाही ना. गरम धुराने टायर आणि कार्बनची रिम दोन्ही खराब होतात
– सायकल धरून जोरात हलवली की गाडी हलते का. सायकल एकटीच हलत असेल तर बांधणी सैल आहे

टप्पा 7: वाटेत

पहिल्या 15–20 किलोमीटरनंतर थांबा आणि सगळे पट्टे पुन्हा ओढून बघा. पट्टे सुरुवातीलाच बसतात आणि सैल होतात. त्यानंतर प्रत्येक थांब्यावर हात लावून बघा. रॅकवर लिहिलेली वेगमर्यादा रस्त्याच्या मर्यादेपेक्षा कमी असली तर रॅकची पाळा.

दर दोन तासांनी 15 मिनिटं खाली उतरा. बसून बसून मांडीचा पुढचा भाग आणि कंबर आखडते; दोन मिनिटं चाला, मांड्या ताणा, पाणी प्या. पाणी कमी पिऊन थांबे वाचवण्याची सवय दुसऱ्या दिवशीच्या सायकलीत महाग पडते.

कडक उन्हात उभ्या राहिलेल्या सायकलच्या टायरमधली हवा फुगते. निघताना हवा नेहमीच्या दाबापेक्षा थोडी कमी ठेवा, फेरीच्या सकाळी भरा.

जेवायला थांबलात तर सायकली डोळ्यांसमोर दिसतील अशी जागा घ्या. कुलूप लावलं तरी. रात्री रॅकवर सायकल ठेवणं हा माझ्या मते प्रवासातला सगळ्यात मोठा अविचार आहे: अनोळखी रस्ता, बाहेरगावची गाडी, आत सामान. सायकल आत घेता येणार नसेल अशा ठिकाणी मुक्काम करू नका.

उशीर होतोय हे कळताक्षणी मित्राला कळवा. वेळ पाळण्यासाठी वेग वाढवू नका.

टप्पा 8: मित्राकडे, आणि सोबतची फेरी

पोहोचल्या संध्याकाळी सायकल फक्त उतरवा, जोडा आणि तपासा. चालवायचीच झाली तर वीस मिनिटं, हलक्या गियरवर.

जोडल्यावर हा क्रम ठेवा: चाकं नीट बसली आहेत का आणि थ्रू ॲक्सल किंवा क्विक रिलीज (चाक धरून ठेवणारा दांडा) घट्ट आहे का, दोन्ही ब्रेक, हँडल सरळ आणि स्टेमचे (हँडल फोर्कला जोडणाऱ्या तुकड्याचे) स्क्रू घट्ट (किती घट्ट ते त्यावर छापलेलं असतं, कार्बनच्या भागांना बहुधा 5 न्यूटन-मीटरच्या आसपास), सीट चिकटपट्टीच्या खुणेवर, आणि शेवटी डिरेलर. मागून पाहा. तो सरळ खाली लोंबला पाहिजे. आत झुकलेला असेल तर हँगर वाकलाय, आणि अशा वेळी सगळ्यात मोठ्या चकतीवर गियर टाकलात तर डिरेलर आऱ्यांत जाऊन फेरीच काय, चाकही जाईल.

सकाळी रस्ता मित्राचा. तुम्ही नकाशावर हेरून ठेवलेला चढ त्याने घेतला नाही तर तो विषयच काढू नका. वाहतूक कधी वाढते, कुठे खडी आहे, कुठली कुत्री अंगावर येतात, हे त्याला माहीत आहे.

दोघांच्या आवाक्यात फरक असेल तर ज्याचा कमी त्याने पुढे राहायचं. चढावर ताकदवाल्याने पुढे जाऊन वर थांबायचं ठरवलंत तर वर पोहोचलेल्याची विश्रांती होते, मागून येणाऱ्याची होत नाही, आणि तो आला की लगेच निघायची घाई होते. तो आल्यानंतर निदान पाच मिनिटं थांबा. रस्ता रुंद आणि रिकामा असेल तिथेच शेजारी चालवत बोला. एरवी एकामागे एक राहा आणि बोलणं थांब्यासाठी राखून ठेवा. इतक्या वर्षांनी भेटल्यावर बोलायचं खूप साठलेलं असतं आणि लक्ष रस्त्यावरून उडतं. मागे वळून बोलताना सायकल रेषा सोडते, हे अनुभवी माणसाचंही होतं.

मित्र आता सायकल चालवत नसेल तर त्याला उसन्या सायकलवर बसवण्याचा आग्रह धरू नका. तुमची फेरी पहाटे एकट्याने उरका आणि उरलेला दिवस त्याला द्या. त्याला यावंसंच वाटत असेल तर सीटची उंची आधी लावून घ्या, रस्ता सपाट घ्या, आणि अर्धा तास पुरे.

निघायची वेळ आधी सांगितली होती, तेव्हाच निघा. थांबण्याचा आग्रह होईल. राखीव दिवस पहिल्याच मित्राकडे संपला तर पुढच्या मित्राच्या वाट्याला तुमची घाई येते.

तपासा: निघताना चार्जर, पॅडल पाना, बाथरूममधला टॉवेल, दोरीवर वाळत टाकलेला सायकलचा पोशाख. मागे राहतात त्या याच वस्तू.

टप्पा 9: नव्या घरी

ट्रक येण्याआधी सायकलची जागा ठरवा आणि तिथे उभी करा. एकदा खोकी आली की तिच्यावर टेकवली जातात. ट्रकमधून दुसरी सायकल किंवा चाकं येणार असतील तर पावतीवर सही करण्यापूर्वी खोकं उघडा. फ्रेमवर चरा, डिस्कला वाक, फोर्कला भेग दिसली तर तिथेच फोटो काढून पावतीवर लिहा. सही झाल्यावर केलेली तक्रार सिद्ध करणं अवघड जातं.

ज्या मित्रांकडे थांबलात त्यांना त्या आठवड्यातच फेरीचे फोटो आणि नवा पत्ता पाठवा. ज्यांना या खेपेला भेटता आलं नाही त्यांनाही पत्ता आणि सोबत एक ठरावीक महिना कळवा. "कधीतरी ये" याला उत्तर येत नाही, महिन्याला येतं.

नव्या शहरातली पहिली फेरी छोटी ठेवा, घरापासून चालत परतता येईल एवढीच. परतल्यावर पॅडल, स्टेम आणि रॅकसाठी काढलेला प्रत्येक स्क्रू पुन्हा एकदा पान्याने बघा. पहिल्या फेरीनंतर सैल झालेला एखादा सापडतोच.